धारच्या भोजाची युद्धनौका, अर्ध्या मीटरच्या लाकडात

धार शहराच्या कोणत्याही टेकडीवरून समुद्र दिसत नाही. माळव्याच्या पठारावरील या गावाला सर्वांत जवळचा समुद्र म्हणजे खंबायतचे आखात, आणि तेही शेकडो किलोमीटर दूर. असे असूनही जहाज किती लांब, किती रुंद आणि किती उंच असावे, त्याचे लाकूड कोणत्या गुणाचे असावे, त्याला रंग कोणता द्यावा आणि युद्धाला निघालेल्या जहाजावर कक्ष कोठे असावा, हे सांगणारे संस्कृतातील सर्वांत परिचित प्रकरण याच शहराच्या राजाच्या नावावर आहे. राजा परमार भोज, राज्यकाळ साधारणपणे १०१० ते १०५५. ग्रंथ ‘युक्तिकल्पतरू’.

या प्रकरणातील जहाजांची आकडेवारी भाषणांत आणि लेखांत वारंवार येते. प्राचीन भारतीय नौकाबांधणीचा पुरावा म्हणून ती मांडली जाते आणि श्रोते समाधानाने घरी जातात. त्या आकड्यांवरून खरोखर एक जहाज उभे राहते का, हे पाहण्याचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कठोर मार्ग म्हणजे त्याची प्रमाणबद्ध लघुप्रतिकृती करायला बसणे. शब्दांत जे सहज निसटून जाते ते लाकडात निसटत नाही. जहाज लांब होते असे लिहिता येते. पण फळी कापायची तर ती किती मिलिमीटर रुंद, हे ठरवावेच लागते.

भोजाचा समुद्राशी काहीच संबंध नव्हता असे मात्र नाही. धार आणि देवास या दोन्ही जिल्ह्यांच्या दक्षिण अंगाने नर्मदा वाहते आणि तिच्या मुखाशी भडोच आहे. उज्जैनचा माल भडोचच्या बंदरात उतरतो, असे ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनातही नोंदलेले आहे. त्याहून थेट धागा १०२० सालचा. इंदूरजवळच्या बेटमा येथे आणि राजस्थानातील बांसवाडा येथे सापडलेल्या भोजाच्या ताम्रपटांत कोकणविजयाच्या निमित्ताने दिलेल्या दानांची नोंद आहे. मोहीम जमिनीवरून झाली की त्यात जहाजेही होती, हे दानपत्र सांगत नाही. ते दानपत्राचे कामही नव्हे. पण कोकण जिंकल्याचा उत्सव करणाऱ्या राजाच्या दरबारात जहाजांविषयी चार गोष्टी माहीत असणे मुळीच अस्वाभाविक नाही.

पुढे अठराव्या शतकात याच मुलखात पवारांची मराठी संस्थाने उभी राहिली. धारची गादी आणि देवासची थोरली व धाकटी पाती, या तिन्ही घराण्यांनी आपले मूळ परमारांशी जोडले. परमारांच्या इतिहासाची आधुनिक मांडणीही काही अंशी मराठी माणसाच्या हातून झाली. धारचे काशिनाथ कृष्ण लेले यांनी कॅप्टन लुआर्ड यांच्यासह लिहिलेले धार व माळव्याच्या परमारांवरील पुस्तक १९०८ सालचे. ‘युक्तिकल्पतरू’तील जहाजे मात्र सर्वदूर पोहोचली ती राधाकुमुद मुखर्जी यांच्या भारतीय नौकानयनावरील १९१२ च्या ग्रंथामुळे. तोवर मूळ ग्रंथ हस्तलिखितातच होता. तो कलकत्त्याला छापला गेला १९१७ मध्ये. तो संपूर्णपणे भोजाचाच आहे का, याविषयी अभ्यासकांत शंका आहेत. संकलनाचे स्वरूप असलेल्या ग्रंथाबाबत अशा शंका येणारच. प्रतिकृती करणाऱ्याचे त्यावाचून अडत नाही. त्याला आकडे हवे असतात, आणि आकडे आहेत.

ग्रंथ जहाजांचे दोन मोठे वर्ग करतो: सामान्य आणि विशेष. सामान्य वर्गातील नौका नदीच्या पाण्यावरच्या, विशेष वर्गातील समुद्रावरच्या, असा त्याचा अर्थ लावला जातो. सामान्य वर्गात क्षुद्रा ते मंथरा अशी दहा नावे येतात. विशेष वर्गाचे पुन्हा दोन भाग पडतात, दीर्घा आणि उन्नता. दीर्घा प्रकारात दीर्घिका, तरणी, लोला, गत्वरा, गामिनी, तरी, जंघाला, प्लाविनी, धारिणी आणि वेगिनी अशा दहा नौका आहेत. सर्वांत लहान दीर्घिका ३२ हात लांब, सर्वांत मोठी वेगिनी १७६ हात. उन्नता प्रकारात पाचच नावे आहेत. त्या जितक्या रुंद तितक्याच उंच.

त्यानंतर कक्षाच्या जागेवरून तीन प्रकार येतात. सर्वमंदिरा म्हणजे टोकापासून टोकापर्यंत कक्ष असलेली नौका. ती राजकोश, घोडे आणि स्त्रिया यांच्या वाहतुकीसाठी. मध्यमंदिरा राजाच्या विहारासाठी व पावसाळ्यासाठी. अग्रमंदिरा, जिचा कक्ष नाळेच्या बाजूला असतो, ती लांबच्या प्रवासासाठी, पावसाळा संपल्यानंतरच्या काळासाठी आणि युद्धासाठी. पावसाळ्यानंतर समुद्रावरची मोहीम, हा हिशेब कोकण-गोव्याच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

तेव्हा प्रतिकृती करायची ती विशेष वर्गातील, दीर्घा प्रकारातील अग्रमंदिरेची. दहा नावांपैकी गत्वरा निवडणे सोयीचे आहे, कारण तिची मापे पूर्णांकात येतात: लांबी ८० हात, रुंदी १० हात, उंची ८ हात. हात म्हणजे २४ अंगुळे. तो आजच्या मापात किती, यावर एकमत नाही. साधारण ४५ सेंटिमीटर धरल्यास गत्वरा ३६ मीटर लांब, साडेचार मीटर रुंद आणि ३.६ मीटर उंच ठरते. जगभरचे हौशी कारागीर जी प्रमाणे वापरतात त्यांत १:७२ हे फार रुळलेले आहे. मूळ हिशेब इंग्रजी मापातला, सहा फुटांना एक इंच. गंमत अशी की भोजाच्या मापातही तो तितकाच चपखल बसतो. एका हाताची २४ अंगुळे, तीन हातांची ७२. म्हणजे प्रतिकृतीतील एक अंगुळ बरोबर तीन हात. या प्रमाणात गत्वरा ५० सेंटिमीटर लांब, सव्वासहा सेंटिमीटर रुंद आणि पाच सेंटिमीटर उंच होते. घरातल्या कपाटाच्या फळीवर मावेल एवढी.

येथेच पहिला धक्का बसतो. दहाही दीर्घा नौकांचा तक्ता समोर मांडला की लक्षात येते, प्रत्येकीची रुंदी लांबीच्या अष्टमांश आणि उंची दशांश आहे. प्रत्येक पुढची नौका मागचीपेक्षा बरोबर १६ हातांनी लांब. म्हणजे दहा नौका नाहीत. एकच नौका दहा वेळा मोठी केलेली आहे. ५० सेंटिमीटरची ती प्रतिकृती १:७२ म्हटली तर गत्वरा. तीच, एकही चिरफाळी न बदलता, सुमारे १:१५८ म्हटली तर वेगिनी आणि १:२९ च्या आसपास म्हटली तर दीर्घिका. ओळख ठरते ती तिच्यावर उभ्या केलेल्या माणसावरून. सव्वादोन सेंटिमीटरचा नावाडी उभा केला की ती गत्वरा. एक सेंटिमीटरचा उभा केला की वेगिनी.

या एका निरीक्षणाने आणखी एक जुना समज निकालात निघतो. ग्रंथ काही नौका अशुभ ठरवतो: सामान्य वर्गात भीमा, भया आणि गर्भरा, दीर्घा प्रकारात लोला, गामिनी आणि प्लाविनी, उन्नता प्रकारात अनूर्ध्वा, गर्भिणी आणि मंथरा. या मापांच्या नौकांना तोल सांभाळता येत नसावा, असे त्याचे शास्त्रीय स्पष्टीकरण बऱ्याच ठिकाणी दिले जाते. ते टिकत नाही. लोला अशुभ आणि गत्वरा शुभ असेल, पण दोघींचा आकार अगदी एक आहे. आकार तोच तर तोलाचा दोष एकीत असेल आणि दुसरीत नसेल, असे होत नाही. हे शुभाशुभ संख्येचे किंवा नावाचे आहे. त्याला नौकास्थापत्याचा शेला पांघरण्यात ना ग्रंथाचा सन्मान आहे ना शास्त्राचा.

वेगिनीविषयीही सावध राहिलेले बरे. १७६ हात म्हणजे जवळजवळ ७९ मीटर. एवढ्या लांबीचे लाकडी जहाज लाटांवर मध्ये वाकते, सांधे सुटतात, पाणी शिरते. १९०९ साली अमेरिकेत बांधलेले ‘वायोमिंग’ हे प्रचंड लाकडी शिडाचे जहाज लोखंडी पट्ट्यांनी आवळूनही पिळवटत असे आणि त्यातले पाणी सतत उपसावे लागे. लोखंड न वापरता ७९ मीटरची समुद्रगामी नौका बांधली गेली असेल, असे मानायला मन धजत नाही. सोळा-सोळा हातांनी चढणारी ती गणिताची शिडी आहे. तिच्या वरच्या पायऱ्यांवर कोणी चढलेच असेल असे नाही.

गत्वरेची गोष्ट वेगळी. १९८७ साली पाण्यात उतरलेली ‘ऑलिंपियास’ ही प्राचीन ग्रीक युद्धनौकेची पूर्णाकृती पुनर्रचना सुमारे ३७ मीटर लांब आणि साडेपाच मीटर रुंद आहे. व्हेनिसच्या वल्ह्यांच्या युद्धनौका जवळपास आठास एक या प्रमाणात असत. म्हणजे गत्वरेची मापे वल्ह्यांनी चालणाऱ्या, चपळ, उथळ पाण्यात शिरणाऱ्या युद्धनौकेच्या मापांशी चांगलीच जुळतात. केवळ शिडावर महासागर ओलांडणाऱ्या व्यापारी जहाजाशी मात्र ती जुळत नाहीत. तसे जहाज आखूड आणि पोटफुगे असते. मापे जुळली म्हणून जहाज सिद्ध होत नाही. तरीही कारागिराला पुढे काय करायचे याची दिशा त्यातून मिळते: ही नौका वल्ह्यांची समजून बांधावी.

आता उरतो तो खरा पेच. लांबी, रुंदी, उंची दिली; आकार दिला नाही. मध्ये आडवा छेद घेतला तर तळ गोल की टोकदार? नाळ सरळ उभी की पुढे झुकलेली? वरामागचा भाग किती वर चढलेला? आणि ‘उंची’ म्हणजे तळापासून नेमकी कोठपर्यंत, मधल्या काठापर्यंत की नाळेच्या टोकापर्यंत? शिडांचा आकार आणि दोरांची मांडणी याबाबतही त्या श्लोकांतून काही हाती लागत नाही. ग्रंथ जहाज बांधणाऱ्या सुतारासाठी लिहिलेलाच नाही. राजाने कशाची पारख करावी, काय शुभ काय अशुभ, हे सांगणारा तो राजाचा ग्रंथ आहे. पठाण, म्हणजे तळाचा कणा, कसा बसवायचा हे सुताराला त्याच्या बापाने शिकवलेले असे. ते कोणी पोथीत लिहीत नव्हते.

ही रिकामी जागा भरायला सर्वांत जवळचा आधार कोकणकिनाऱ्यावरच सापडतो: वीरगळ. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसरला असलेल्या प्रसिद्ध वीरगळांवर सागरी लढाई कोरलेली आहे. त्या दगडांचा नेमका काळ वादग्रस्त असला तरी ते भोजाच्या आणि त्यानंतरच्या दोन शतकांच्या आसपासचे मानले जातात. त्यांवरच्या नौकांची दोन्ही टोके उंच चढलेली आहेत, मध्ये एक डोलकाठी आहे आणि कडेने वल्ह्यांची ओळ आहे. गोव्यातही कदंबकाळातील नौकायुद्धाचे वीरगळ सापडले असून जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात ते पाहता येतात. शिल्पकाराने दगडाच्या चौकटीत मावावे म्हणून नौका आखूड केली आहे आणि योद्धे मोठे केले आहेत, हे ध्यानात ठेवून त्यातून नाळेची वळणे, वल्ह्यांची बाजू आणि डोलकाठीची जागा घ्यावी. मापे घेऊ नयेत. मापे भोजाची, वळणे वीरगळाची.

वल्ही किती? तेही हिशेबाने काढता येते. बसून वल्हे मारणाऱ्या माणसाला पुढच्या माणसापासून सुमारे दोन हात अंतर लागते. भूमध्य समुद्रावरील प्राचीन नौकांतही वल्ह्यांमधील अंतराचे माप दोन हातच होते. माणसाचे शरीर सगळीकडे सारखेच. ८० हातांपैकी पुढचे १६ हात अग्रमंदिराला आणि मागचे १२ हात सुकाणूला सोडले तर ५२ हात उरतात, म्हणजे एका बाजूला २६ वल्ही. १:७२ मध्ये दोन वल्ह्यांमधील अंतर साडेबारा मिलिमीटर येते.

लाकडाबाबत ग्रंथ मोकळेपणाने बोलतो, पण स्वतःच्या पद्धतीने. वृक्षायुर्वेदाला अनुसरून तो लाकडाचे चार वर्ण कल्पितो: हलके व मऊ ते ब्राह्मण, हलके व टणक ते क्षत्रिय, जड व मऊ ते वैश्य, जड व टणक ते शूद्र. नौकेसाठी श्रेष्ठ ठरते ते हलके व टणक. वेगवेगळ्या वर्णांची लाकडे एका जहाजात मिसळू नयेत, असेही तो बजावतो. वर्णव्यवस्थेचा साचा झाडांवरही बसवण्याची ही हौस आजच्या वाचकाला खटकेल आणि खटकावीच. तो साचा बाजूला ठेवला तर मागे सुताराचा अनुभव शिल्लक राहतो: वेगळ्या जातीचे लाकूड पाण्यात वेगळ्या प्रमाणात फुगते आणि उन्हात वेगळ्या प्रमाणात आकसते, मग सांधा उघडतो. हलके, टणक आणि पाण्याला दाद न देणारे लाकूड म्हणताच मनात सागवान येते. देवास जिल्ह्यातील खिवनी अभयारण्याच्या परिसरात आजही सागाचे जंगल आहे.

पण लघुप्रतिकृतीत सागवान वापरू नये. खरे लाकूड लहान मापात खोटे दिसते. सागाची रेष जाड आणि ठळक असते. पाच सेंटिमीटर जाडीची फळी १:७२ मध्ये ०.७ मिलिमीटरची होते, आणि तिच्यावर सागाची नैसर्गिक रेष म्हणजे खऱ्या जहाजाच्या फळीवर वीतभर रुंदीचे पट्टे असल्याचा भास होतो. त्याऐवजी हळदूसारखे बारीक पोताचे, कातकाम आणि कोरीवकाम करणाऱ्यांच्या पसंतीचे लाकूड घ्यावे आणि पातळ रंगद्रावणाने त्याला सागाची छटा द्यावी. प्रतिकृतीचे सारे कौशल्य अशा तडजोडींत असते.

यानंतर ग्रंथातील सर्वांत प्रसिद्ध आज्ञा येते: समुद्रावर जाणाऱ्या नौकेच्या तळाला लोखंड लावू नये, कारण समुद्रातील चुंबकीय खडक ते ओढून घेतील. ही आज्ञा लोखंडाचे तंत्र ठाऊक नसलेल्यांची नव्हे. याच धारमध्ये, लाट मशिदीच्या आवारात, एका प्रचंड लोहस्तंभाचे तीन तुकडे पडून आहेत. एकत्र जोडल्यास तो सुमारे १३ मीटर उंच आणि सात टनांहून जड होईल. परंपरा तो भोजाचाच मानते. ज्यांना एवढे लोखंड घडवता आले त्यांना खिळे घडवता येत नव्हते असे म्हणता येणार नाही. चुंबकाच्या डोंगराची कथा अरब खलाशांतही होती. कथेमागचे वास्तव असे की पश्चिम हिंदी महासागरात फळ्या काथ्याने शिवून जहाज बांधण्याची प्रथा दीर्घकाळ चालत आली. मार्को पोलोला होर्मुझ येथे अशीच खिळ्यांविना शिवलेली जहाजे दिसली होती. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजते आणि भोवतीचे लाकूडही सडवते. शिवण मात्र वाळूवर आदळल्यावर थोडी लवते आणि सैल झाली तर बदलता येते. आपल्या किनाऱ्यावर रापणीच्या होड्याही अशाच शिवल्या जात.

गोव्याच्या वाचकासाठी ही पुराणातली वांगी राहिलेली नाहीत. दिवाडी बेटावरील होडी इनोव्हेशन्सच्या गोदीत केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली शिवलेले जहाज फेब्रुवारी २०२५ मध्ये पाण्यात उतरले आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झाले. आधार होता अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील एका चित्राचा. तेथेही अडचण हीच होती: चित्र होते, आराखडा नव्हता. चित्रातून आकार काढायचा, सुताराच्या हातातील परंपरेतून बांधणी घ्यायची आणि चेन्नईच्या आयआयटीत प्रतिकृतीवर पाण्यातील वर्तन तपासायचे, असा मार्ग काढण्यात आला. सुमारे २० मीटर लांब आणि साडेसहा मीटर रुंद, म्हणजे तिनास एक. गत्वरेच्या आठास एक या प्रमाणापुढे ते केवढे गुटगुटीत वाटते! एक युद्धासाठी, दुसरे शिडावर समुद्र ओलांडण्यासाठी. दोन्ही जहाजे प्राचीन भारतीय म्हणून एकाच पंगतीत बसवण्यापूर्वी हा फरक पाहिला पाहिजे.

शिवलेल्या जहाजात आधी फळ्यांचे कवच जोडले जाते आणि फासळ्या नंतर आत बसवल्या जातात. प्रतिकृतीतही तोच क्रम ठेवावा. मऊ लाकडाचा भरीव साचा तासून घ्यायचा, त्यावर प्लॅस्टिकचा पातळ कागद ताणायचा, म्हणजे फळ्या साच्याला चिकटत नाहीत. मग गरम पाण्यात भिजवलेल्या चार मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या तळापासून वर एकेक बसवत जायचे. साचा काढला की हातात येते ते अंड्याच्या टरफलासारखे कवच. फासळ्या त्यानंतर.

शिवणीचा प्रश्न बिकट आहे. मोठ्या जहाजावर टाके वीतभर अंतराने धरले तर १:७२ मध्ये ते तीन मिलिमीटरवर येतात. ३६ मीटरच्या एका सांध्यावर १६० टाके. एका बाजूला सतरा सांधे धरले तर दोन्ही बाजू मिळून साडेपाच हजारांच्या आसपास. काथ्याची बोटभर दोरी या प्रमाणात पाव मिलिमीटरची होते, म्हणजे शिलाईचा बारीक धागा. त्याला मेण लावायचे, नाहीतर सुताचे तंतू उभे राहतात आणि जहाजाला केस फुटल्यासारखे दिसते. साडेपाच हजार छिद्रे पाडण्याऐवजी पेन्सिलीने रेघोट्या ओढणारे कारागीर आहेत आणि दोन हात दूरच्या प्रेक्षकाला फरक कळतही नाही. मात्र जो खरोखर शिवतो त्याला काही तासांतच समजते की टाका आवळताना फळी कोठे फुटते आणि दोन फळ्यांच्या मधे काथ्याची वळी का घालावी लागते. दिवाडीच्या गोदीतले ज्ञान थोड्या अंशाने का होईना, बोटांत उतरते.

रंग आणि अलंकार यांबाबत ग्रंथ उदार आहे. चार डोलकाठ्यांची नौका पांढरी, तीनची तांबडी, दोनची पिवळी आणि एकीची निळी. वीरगळावरच्या नौकेला एकच डोलकाठी आहे. तेव्हा आपली गत्वरा निळी. बाटलीतला गडद निळा जसाच्या तसा फासू नये. लांबून पाहिलेली वस्तू हवेमुळे फिकट दिसते आणि प्रतिकृती पाहणे म्हणजे खरी वस्तू लांबून पाहणे; म्हणून निळ्यात थोडा पांढरा मिसळावा. नाळेवर सिंह, महिष, सर्प, हत्ती, वाघ, पक्षी, बेडूक किंवा मनुष्य यांचे मुख असावे, असे विधान आहे. युद्धनौकेवर बेडूक कोण बसवील? सिंहच बसेल, आणि ‘कौंडिण्य’च्या नाळेवरही सिंह-याळीच आहे. एक हात उंचीचे सिंहमुख या प्रमाणात सहा मिलिमीटरचे होते. सुईच्या टोकाने एपॉक्सी पुट्टीत कोरता येते. सोने, चांदी, तांबे किंवा तिन्हींचे मिश्रण यांनी मढवण्याचे विधान आहे. त्यासाठी मिठाईवरच्या वर्खाइतका योग्य जाडीचा पदार्थ दुसरा नाही.

शेवटची परीक्षा बादलीत. प्रतिकृतीचे वजन प्रमाणाच्या घनाने कमी होते; ७२ चा घन ३,७३,२४८. गत्वरेने सव्वा मीटरच्या आसपास पाणी घेतले असे धरले तर तिचे वजन सुमारे शंभर टन भरते, आणि प्रतिकृतीचे अवघे २७० ग्रॅम. तेवढे वजन तळात शिसे ठेवून पुरे केले आणि अग्रमंदिर पुढे बसवले की नाळ खाली झुकते. कक्ष जाड लाकडाचा केला तर फारच झुकते. उपाय दोन: कक्ष हलका, कदाचित बांबू व कातड्याचा समजून करणे, किंवा तळातील भार मागे सरकवणे. ग्रंथ यातला कोणता ते सांगत नाही. पण युद्धनौकेचा कक्ष पुढे ठेवायचा तर तो जड नसावा, इतके पाण्याने सांगितलेले असते.

अशी प्रतिकृती शाळेत किंवा संग्रहालयात ठेवायची झाली तर खालच्या पाटीवर फक्त ‘भोजकालीन युद्धनौका’ असे लिहून चालणार नाही. लांबी-रुंदी-उंची, कक्षाची जागा, रंग, सिंहमुख आणि लोखंडाचा अभाव ही ‘युक्तिकल्पतरू’तील, टोकांची वळणे, एक डोलकाठी आणि वल्ह्यांची ओळ वीरगळांवरील, तळाचा छेद, शीड, सुकाणू, वल्ह्यांची संख्या आणि कक्षाचे साहित्य अनुमानाचे, असे तीन रकाने पाटीवर असावेत. तिसरा रकाना सर्वांत लांब होईल. त्याखाली प्रमाण लिहावे, १:७२, आणि मगच काठावर सव्वादोन सेंटिमीटरचा नावाडी चिकटवावा.